सावली तपासा

चादर ओली होती आणि तिच्यावरचा साबणाचा फेस अजून फुटत होता. आधी मला एवढंच दिसलं. मग दिसलं की चादर एक नाही. मोजल्या, अकरा निघाल्या. छतावरच्या चोवीस सौर पॅनेलवर अकरा चादरी, चारही टोकं नीट ओढून, कुठे एक चुणी नाही, वाऱ्याने उडू नये म्हणून वरच्या कडेला विटेचे तुकडे. सकाळचे सव्वादहा वाजले होते. ऊन असं की छताचं डांबर चपलेला चिकटत होतं. आमच्या या दवाखान्याला हेच ऊन चालवतं. चार महिन्यांपासून बंदरावरच्या तेलाच्या टाक्या टोळीच्या ताब्यात आहेत, डिझेलचा थेंब नाही, जनरेटरच्या खोलीत मांजर व्यालंय. म्हणून ऑपरेशनं सकाळी करायची, उन्हात करायची, आणि यंत्रं सांभाळायला मी, इस्लांद, दवाखान्याची वीजवाली, रोज सकाळी ऑपरेशनच्या खोलीत उभी. आज नाक्यावर टायर पेटले, सर्जन पोचलाच नाही, माझे हात रिकामे राहिले आणि मी वर आले. तीन आठवड्यांत पहिल्यांदा सकाळी वर आले. मी तिथे उभी होते आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात जात होती.

तीन आठवडे! तीन आठवडे मी बॅटऱ्यांना शिव्या घालतेय. दुपारी नव्वद टक्क्यांच्या वर जाणारा आकडा साठावर अडायला लागला, कधी पंचावन्नवर. मी तारा बदलल्या, जोड घासले, इन्व्हर्टर उघडून त्यातली धूळ तोंडाने फुंकली. पॅनेल देणाऱ्या परदेशी संस्थेला तीन पत्रं लिहिली की तुम्ही आम्हाला जुन्या बॅटऱ्या गळ्यात मारल्या, काळ्या लोकांना काय कळतंय असं वाटलं का. तिकडच्या कुणा पोराचं उत्तर आलं. गोड भाषेत, ‘प्रिय सहकारी’ वगैरे. इथून इंटरनेटवर जे आकडे दिसतात त्यात सकाळची वीज फार कमी आहे, कृपया सावली तपासा. सावली! इथे छतावर झाड नाही, खांब नाही, कावळा बसायला तार नाही, आणि हा समुद्रापलीकडे थंड खोलीत बसून मला सांगतो सावली तपासा. मी दुपारी तीनला वर आले, चकचकीत पॅनेलचे फोटो काढले आणि पाठवले, खाली लिहिलं की आमच्या देशात सावली मिळत असती तर आम्हीच तिच्यात बसलो नसतो का. फार आवडलं होतं मला ते वाक्य. नर्सना वाचून दाखवलं होतं. आणि पॅनेल खरंच चकचकीत होते, पावसानंतर नसतात इतके. मला वाटलं, चला, एक काम तरी देवच करतोय. देव कुठला, साबण होता तो! रोज सकाळी साबणाने धुऊन निघत होते बापडे. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा.

मागच्या जिन्यावर पावलं वाजली. ती कुणाची ते मला बघावं लागलं नाही. दम टाकत चढणारी, मध्येच थांबून ‘देवा’ म्हणणारी पावलं मी लहानपणापासून ओळखते. मारेन क्लेरमीझ. मारेन म्हणजे माझ्या बाप्तिस्म्याची आई. पण माझी जन्माची आई सीमेपलीकडे ऊसतोडीला गेली ती परतलीच नाही, त्यामुळे हीच काय ती आई. एकतीस वर्षं ती या दवाखान्याचे कपडे धुतेय. डोक्यावर पाटी, पाटीत आणखी चादरी, हात कोपरापर्यंत निळीने निळे. मला बघून हसली.

“अगं बाई, तू आज वर कशी? बरं झालं आलीस, ते टोक धर जरा.”

मी टोक धरलं. धरलं आणि ओढलं. ती चादर, मग दुसरी, मग तिसरी, ओल्या चादरी मी डांबरावर फेकत सुटले आणि विटेचे तुकडे खाली पडून फुटत होते.

“हात मोडला तुझा!” मारेन किंचाळली. “डांबरावर टाकतेस? डाग जाईल का गं तो जन्मात? वेड लागलं का तुला? सकाळपासून घासतेय मी!”

“कधीपासून घालतेस इथे?”

“आधी त्या उचल.”

“मारेन, कधीपासून?”

“अंगणात राहुट्या पडल्या तेव्हापासून. मग कुठे घालू, तुझ्या डोक्यावर? हिरवळीवर लोक निजलेत, दगडांवर लोक निजलेत. पांढऱ्या चादरीला साबण लावून ऊन दाखवलं नाही तर ती करडी पडते. करड्या चादरीवर माणसं मरू द्यायची का मी?”

हे तिचं जुनंच. करड्या चादरीवर माणूस मरता कामा नये. मी शाळेत होते तेव्हा करड्या कॉलरने शाळेत जाता कामा नये. शनिवारी ती मला नदीवर न्यायची, शहराबाहेर, आता जिथे टोळीचा नाका आहे आणि कुणी जात नाही तिथे. माझा गणवेश, लोकांचे गणवेश, शेटजींच्या टेबलावरची कापडं, सगळं साबण लावून मोठ्या गोट्यांवर पसरायची. गोटे निवडायची हाताने चाचपून. हा नको, हा गार आहे. हा बघ, याने ऊन धरलंय. ऊन धरलेल्या दगडावर कपडा पांढरा होतो, ही तिची विद्या. त्या विद्येवर तिने मला वाढवलं, मक्याचा सांजा आणि काळ्या घेवड्याचं सार खाऊ घातलं, वीजकामाच्या शाळेत घातलं. बाईमाणसाने खांबावर चढायचं का, असं चर्चमधल्या बायका म्हणाल्या तेव्हा त्यांना म्हणाली, तुमच्या नवऱ्यांना चढता येत नाही म्हणून पोरगी चढते. मला तिचे ते हात आवडायचे. आत्ता, त्या छतावर, मला ते तोडून टाकावेसे वाटले. खोटं कशाला बोलू.

“तुला माहितीय हे काय आहे?” मी पॅनेलवर मूठ आपटली. “हे ऊन खातं तेव्हा खाली मशीन चालतं. एकावर कपडा पडला तरी अख्खी रांग उपाशी राहते. तू सकाळभर झाकून ठेवलंस. दिवसाचं सगळ्यात चांगलं ऊन. तीन आठवडे संध्याकाळी ऑक्सिजनचं एकच मशीन चाललं, दोन चालली नाहीत. कळतंय का? वीदलीन कशाने मेली? तुझ्या या चादरींनी मारलं तिला!”

बोलून गेले. तोंडातून गेलेलं परत येत नाही.

वीदलीन बावीस वर्षांची. अंगणातल्या राहुटीतली. टोळीने वस्ती जाळली तेव्हा आईचा हात धरून धुरातून आली आणि छाती भरली ती भरलीच. मागच्या मंगळवारी दुसऱ्या खाटेवर होती. पहिल्या खाटेवर दोन आठवड्यांचं बाळ. आमचा नियम असा आहे, नियम माझाच, मीच गणित करून भिंतीवर चिकटवलाय, की पाच वाजता बॅटरी सत्तरच्या खाली असेल तर रात्रभर एकच मशीन, नाहीतर पहाटेआधी दोन्ही बंद पडतील. अठ्ठावन्न होती. डॉक्टर प्रेव्हिलनी दोन्ही खाटांकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग म्हणाले, बाळ. पाच वाजून दहा मिनिटांनी मी दुसऱ्या मशीनचं बटण बंद केलं. वीदलीन माझ्या हाताकडे बघत होती. तिला वाटलं असेल मी काहीतरी दुरुस्त करतेय. नऊच्या सुमाराला ती गेली. तिच्या आईला, सेंतानीझला, आम्ही काय सांगितलं? सांगितलं की ऊन कमी पडलं. सगळ्यांना तेच सांगतो, तोंडात बसलंय ते वाक्य. ती बाई मान हलवत ऐकत राहिली. आणि मग तिने पोरीच्या अंगावरची चादर हाताने चाचपली आणि म्हणाली, केवढी पांढरी आहे. मारेनला शोधत धुण्याच्या जागी गेली आणि तिच्या निळ्या हाताला ओठ लावले. माझ्या पोरीला राणीसारखं निजवलंत, म्हणाली. मारेनने दोन दिवस ते सगळ्यांना सांगितलं.

आता मारेन डांबरावर बसली होती, फेकलेल्या चादरींच्या मध्ये. चेहऱ्यावर राग नव्हता. ती काहीतरी जुळवत होती, हिशेब न येणारं माणूस बोटांवर जुळवतं तसं.

“पण तूच म्हणालीस,” ती म्हणाली.

“मी काय म्हणाले?”

“हे चढवत होते तेव्हा मी खालून विचारलं तुला, हे काय गं. तू म्हणालीस, हे ऊन धरतात, मारेन. मी म्हटलं, धरून काय करतात? म्हणालीस, आपल्याला देतात.”

म्हणाले होते. आठवलं मला. घाईत, जिन्यात, एक पाय वरच्या पायरीवर ठेवून, लहान पोराला वाटेतून बाजूला करताना बोलतात तसं. आणि ही वर आली असेल, तळहात ठेवून बघितला असेल. पॅनेल गरम, गुळगुळीत, उतरता, पाणी निथळणारा. नदीवरच्या कुठल्याही गोट्याहून सरस. याने ऊन धरलंय. एकतीस वर्षांच्या विद्येने तिला जे सांगितलं ते बरोबरच होतं, चादरी खरंच दुधासारख्या निघत होत्या, मीही एकदा म्हटलं होतं की मारेन, हल्ली नीळ जास्त घालतेस का.

आणि मग मला दुसरं आठवलं आणि माझा राग फिरून माझ्याच अंगावर आला. प्रशिक्षण झालं होतं. दोन दिवस, खालच्या दालनात, पंखा लावून. परदेशी लोक फ्रेंचमध्ये बोलत होते, पडद्यावर चित्रं, प्रत्येकाला वही, कॉफी, पाव. ‘पॅनेलवर काहीही ठेवू नये’ हे चौथं चित्र होतं, त्यावर लाल फुली. वीस खुर्च्या होत्या. यादी मी केली होती. डॉक्टर, नर्स, कारकून, औषधवाला, त्याचा मेहुणासुद्धा, कारण त्याला फ्रेंच येतं. धुणारी, झाडणारे, स्वयंपाकीण, रखवालदार यांच्यासाठी खुर्च्या नव्हत्या. त्यांना काय करायचंय, असं मी म्हटलंसुद्धा नाही, ते माझ्या मनातच आलं नाही. ज्या बाईने धुणी धुऊन मला फ्रेंच शिकवलं तिचं नाव मी, तिला फ्रेंच येत नाही म्हणून, लिहिलं नाही. बोला आता!

“तुला वर येताना कुणी बघितलं नाही?” मी विचारलं.

“रोज बघतात. रखवालदार पाटी उचलू लागतो. स्वयंपाकीण वर पाणी देते. सगळ्यांना ठाऊक आहे.” मग म्हणाली, “तुम्हा लोकांना सोडून.”

तुम्हा लोकांना. मी तिच्या मांडीवर झोपलेली, आणि आता मी ‘तुम्ही लोक’. मला कुणाच्या तरी कानाखाली जाळ काढायचा होता. त्या टोळीच्या, ज्यांनी टाक्या अडवल्या. त्या सरकारच्या, जे कुठे आहे ते कुणाला माहीत नाही. त्या समुद्रापलीकडच्या पोराच्या, कारण त्याचं बरोबर होतं, आणि बरोबर असून तो इतकं गोड बोलला होता. पण समोर फक्त ही म्हातारी होती, निथळत्या चादरी गोळा करणारी.

“मी सांगते सेंतानीझला,” ती उठत म्हणाली.

“काय सांगतेस?”

“जे झालं ते. तिने माझा हात चुंबलाय.”

“तू कुणाला काही सांगायचं नाहीस.” मी तिचा दंड धरला. “अंगणात चारशे माणसं आहेत आणि प्रत्येक राहुटीत कोयता आहे. गेल्या महिन्यात टोळीचे हेर समजून फाटकाशी त्या दोन पोरांचं काय केलं? एकाच्या फोनमध्ये नुसता फाटकाचा फोटो होता. कुणी विचारलं त्यांना, चुकून काढलास का? तू म्हणशील चुकलं, ते ऐकतील की दवाखान्याचा उजेड हिने झाकला. कुणाकडून पैसे घेतलेस विचारतील. जाळतील तुला.”

“जाळू देत.”

“जाळू देत म्हणे! आणि मी काय करू, तिथे उभी राहून बघू? मोठी आली पापं कबूल करणारी. तुझं मन मोकळं होईल, आणि माझं?”

तिने उरलेल्या चादरी पाटीत भरल्या. पाटी डोक्यावर घेतली. “ओदेल कशी आहे?” तिने विचारलं. एवढंच विचारलं आणि खाली गेली.

ओदेल दुसऱ्या खाटेवर होती आज. सातवा महिना, फुप्फुसाला सूज, नखं जांभळी. सकाळी फेरीत डॉक्टर प्रेव्हिल मला हळूच म्हणाले होते, इस्लांद, आज पाच वाजता पुन्हा निवडावं लागणार का? मी म्हटलं होतं, ऊन बघू. आता मी बॅटरीच्या खोलीत जाऊन बसले. जेवले नाही. आकडा साडेदहाला एक्केचाळीस होता. अकराला अठ्ठेचाळीस. बाराला चौसष्ट. भरभर चढत होता, धरण फुटल्यासारखा, आणि मला आनंद व्हायला हवा होता. पण सत्तर आला तेव्हा मी त्या लहानशा पडद्यावर थुंकले. सत्तर म्हणजे वीदलीन. एक वाजायच्या आत सत्तर! हे इथेच होतं, रोज होतं, आमच्या डोक्यावर पडत होतं आणि आम्ही त्याच्यावर कपडे वाळत घालत होतो. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, पण इथे कुत्रंही नव्हतं, कुणाच्याच पोटात गेलं नाही ते पीठ. मी आकड्याला विचारत होते, मंगळवारी कुठे होतास मेल्या? मग स्वतःला विचारत होते. मंगळवारी सकाळी मी कुठे होते? ऑपरेशनच्या खोलीत होते हे खरं. पण सोमवारी ऑपरेशन अकराला संपलं होतं. मी काय केलं? त्या पोराला टोमणा लिहीत बसले होते. अर्धा तास लागला मला ते वाक्य जुळवायला.

तीन वाजता सत्त्याण्णव. पाच वाजता डॉक्टर आले, आकडा बघितला, पुन्हा बघितला. मी काही सांगितलं नव्हतं. काय सांगायचं ते ठरत नव्हतं. पाच वाजून दहा मिनिटं झाली आणि दोन्ही मशीन चालू राहिली. दोघांचा आवाज थोडा वेगळा आहे, एक घुमतं, दुसरं धापा टाकतं. दोन्ही एकदम इतक्या उशिरा ऐकायची सवय मोडली होती. ओदेलच्या नखांचा रंग निवळला होता. नर्सने टाळी वाजवली, मग दारातल्या कुणीतरी, मग अंगणात बातमी गेली आणि तिथे लोक ओरडले, शहरात कधीमधी वीज आली की ओरडतात तसे. डॉक्टरनी माझ्या खांद्यावर थोपटलं.

“आज ऊन काय छान होतं, इस्लांद!”

मी बाहेर आले, मागच्या बाजूला, धुण्याच्या जागी. मारेन हौदाच्या कठड्यावर बसली होती. सकाळच्या अकरा चादरी तिने पुन्हा धुतल्या होत्या, डांबराचे डाग तसेच होते. तिच्यासमोर सेंतानीझ उभी होती, हातात पाण्याचा डबा. अंगणातली आणखी चार-पाच माणसं पाण्याच्या रांगेत होती, त्यातल्या एकाच्या कमरेला कोयता. सेंतानीझने माझ्याकडे वळून बघितलं. बारीक, सरळ बाई. आठ दिवसांत रडून रडून तिचा आवाज बसला होता.

“दोन्ही चालली म्हणे आज.”

“हो.”

“चांगलं झालं. त्या बाईला मूल होऊ दे नीट.” ती थांबली. “मी एक विचारू का, बाई? मंगळवारी मी इथे उभी राहून कपडे वाळवत होते. अंग भाजत होतं माझं. तुम्ही म्हणालात ऊन कमी पडलं. मला तेव्हा सुचलं नाही. त्या दिवशी ढग होते का?”

रांगेतली माणसं ऐकत होती. मारेनने हात कठड्यावर टेकले आणि उठायला लागली. तिचं तोंड उघडलेलं मला दिसलं. मला तिचा राग आला, त्या बाईचा राग आला, की तिने इतक्या सभ्यपणे विचारावं, ओरडू नये, माझे केस धरू नयेत. मी मारेनच्या पुढे आले.

“नाही,” मी म्हणाले. “ढग नव्हते. ऊन होतं, भरपूर होतं. वरच्या पॅनेलवर सकाळी सावली पडत होती. ती बघायचं काम माझं होतं, दुसऱ्या कुणाचं नाही. मला पत्राने कळवलंसुद्धा होतं. मी सकाळी एकदाही वर गेले नाही. आणि बटण मीच बंद केलं.”

कोयतेवाला माझ्याकडे बघत होता, मी त्याच्याकडे बघितलं नाही. मारेन माझ्या मागे काहीतरी पुटपुटली, मी मागे हात करून तिचं मनगट घट्ट आवळलं. सेंतानीझने डबा खाली ठेवला. मला वाटलं आता मारते. मार, मी मनात म्हटलं, मार एकदाची. तिने मान वर करून छताकडे बघितलं, मग जिन्याच्या दाराकडे.

“रोज सकाळी मी जाऊन बघत जाईन वर. किती पायऱ्या आहेत?” तिने विचारलं.

“चव्वेचाळीस.”